‘खारीची बंदूक’ आणि ठासणीची परिभाषा

कोशातील प्रतिशब्द हाताशी असूनही भाषांतर अडते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकी शिकारवाङ्मयातील ‘स्क्विरल रायफल’ या शब्दात सापडते. ‘स्क्विरल’ म्हणजे खार. तेव्हा ‘खारीची बंदूक’ असे भाषांतर कोणीही चटकन करील. परंतु हे भाषांतर मावळातील टाकवे बुद्रुकसारख्या गावी, भाताच्या खाचराच्या बांधावर बसलेल्या शेतकऱ्यासमोर उच्चारले, तर त्याला हसू आवरणार नाही. खारीचा त्याच्याशी संबंध ‘खारीचा वाटा’ या वाक्प्रचारापुरता, फार तर अंगणातील झाडापुरता. शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाच्या त्या जीवावर बार टाकणे म्हणजे मिळणाऱ्या मांसापेक्षा दारूचाच खर्च अधिक. बंदुकीची निवड हा विषय समजून घेण्यापूर्वी हा शब्दाचा गुंता सोडविणे अगत्याचे आहे.

इंग्रजीत ‘स्क्विरल’ हे एका कुळाचे सामान्यनाम आहे. मराठीत त्या कुळाला सामान्यनामच नाही. अंगावर पट्टे असलेली लहान ती ‘खार’, आणि घाटमाथ्याच्या दाट झाडीत शेंड्याशेंड्यांवरून उड्या घेणारे, दीड-दोन किलो वजनाचे, तांबूस पाठीचे व झुबकेदार शेपटीचे ते ‘शेकरू’. बोलणाऱ्याच्या मनात ही दोन जनावरे एकाच जातीची नाहीत. एक घराजवळचे, दुसरे रानाचे. अमेरिकेतील राखी खार अर्धा किलोच्या आसपास भरते, म्हणजे आकाराने ती या दोहोंच्या मध्ये पडते. त्यामुळे ‘स्क्विरल रायफल’ला मराठीत नेमका शब्द नाही. हे भाषेचे दारिद्र्य नव्हे, प्राणिसृष्टीच्या वाटणीतील फरक होय.

पुणे जिल्ह्यात कान्हे स्थानकाकडून आत वळले की आंदर मावळाच्या तोंडाशी टाकवे बुद्रुक लागते. फारसी ‘बुजुर्ग’ मराठीच्या तोंडी ‘बुद्रुक’ झाला. याच तालुक्यात टाकवे खुर्दही आहे. गावाच्या आत आंद्रेचे खोरे, पुढे पश्चिमेस सह्याद्रीची कड आणि उत्तरेस भीमाशंकराच्या अरण्याकडे जाणारे डोंगर. खाली भाताची खाचरे आणि वर रान अशी ही रचना असल्यामुळे येथे बंदुकीचा विचार मृगयेच्या हौसेपेक्षा पिकाच्या राखणीशी अधिक निगडित आहे. ओंबीत दाणा भरू लागला की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. आणि राखणीसाठी ज्या हत्याराचे नाव घेतले जाते ते ‘ठासणीची बंदूक’.

हा शब्द पारदर्शक आहे. ‘ठासणे’ म्हणजे दाबून, कोंबून भरणे. नळीच्या तोंडातून दारू, तिच्यावर बोळा, त्यावर छरे किंवा गोळी आणि पुन्हा बोळा असे एकेक घालून गजाने ठासावयाचे, ही क्रियाच वस्तूचे नाव झाली. ‘ठासून भरलेला’, ‘ठासून सांगणे’ हे प्रयोग याच धातूचे असले, तरी ते बंदुकीवरूनच आले असे मानण्याचे कारण नाही. धातू जुना, बंदूक नंतरची. याउलट ‘बार फुसका निघणे’ हा प्रयोग मात्र निःसंशय दारूकामातला आहे. ‘बार’ या शब्दाची गंमत अशी की तो भरलेल्या मालालाही लागतो आणि झालेल्या आवाजालाही: बार भरतात, बार उडतो, आणि लग्नाचाही बार उडवितात.

आता निवडीचा प्रश्न. अमेरिकेत अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची, आतून पीळदार आटे असलेली ठासणीची रायफल घडविली. पुढे लहान शिकारीसाठी तिचीच बारीक नळीची आवृत्ती प्रचारात आली. खारीसाठी आजही तेथील हौशी शिकारी इंचाच्या बत्तीस किंवा छत्तीस शतांश व्यासाची नळी पसंत करतात. बत्तीस शतांश म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. तिची शिशाची गोल गोळी जेमतेम ३ ग्रॅम भरते आणि तिला २० ते ३० ग्रेन, म्हणजे फार तर २ ग्रॅम, काळी दारू पुरते. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते; तेल लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ती ठासली की कापड आट्यांत बसते आणि गोळीला फिरकी मिळते. शिसे व दारू दोन्ही दुर्मीळ असलेल्या सरहद्दीवर या काटकसरीला मोल होते. शिवाय मोठी गोळी लहान जनावराच्या चिंधड्या उडविते व मांस वाया जाते. पक्षिशास्त्रज्ञ ऑडुबॉन याने डॅनियल बून याच्या नेमबाजीचे वर्णन केले आहे. त्यात बून खारीवर नेम धरीतच नाही; ती ज्या फांदीला बिलगली आहे तिची साल तिच्या पोटाखाली उडवितो आणि नुसत्या धक्क्याने खार खाली येते. वर्णनात पदरची भर किती, हे ज्याने त्याने ठरवावे. पण अशा कथेमागे ‘गोळी जनावरात जाऊ नये’ ही स्वयंपाकघरातील गरज आहे, एवढे खरे.

मावळातील ठासणीची बंदूक या जातीची नव्हे. तिची नळी आतून गुळगुळीत असते, तिच्यातून छरेही जातात आणि एकटी गोळीही जाते. एकाच नळीत सकाळी पाखरासाठी छरे व रात्री डुकरासाठी गोळी भरता येणे, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय. किंमत म्हणून अचूकपणा सोडावा लागतो. छऱ्यांचा मारा २५-३० मीटरपलीकडे विरळ होतो. नळीचे माप ‘बोअर’मध्ये सांगतात, आणि ते उलटे चालते, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. एका पौंड शिशाच्या नळीत बसतील अशा जितक्या समान गोळ्या होतील तितका बोअर. म्हणून बारा बोअरची नळी (सुमारे १८.५ मिलिमीटर) वीस बोअरच्या नळीपेक्षा (सुमारे १५.६ मिलिमीटर) रुंद. लहान शिकारीला वीस बोअर पुरेसा मानतात, कारण छऱ्यांचे वजन कमी लागते, धक्का कमी बसतो आणि बंदूक चढावर वाहून नेण्यास हलकी पडते. छऱ्यांच्या बंदुकीत दारूचे प्रमाण सांगण्याची जुनी रीत वजनाची नसून मापाची आहे: ज्या मापाने छरे, त्याच मापाने दारू.

‘दारू’ या शब्दापाशी थोडे थांबणे योग्य होईल. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ मराठीत अद्याप टिकून आहे. तोच शब्द मद्याला लागला आणि स्फोटक चूर्णालाही लागला. हा मराठीचा विक्षेप समजण्याचे कारण नाही. कन्नडातील ‘मद्दु’, तमिळमधील ‘मरुन्दु’ आणि तेलुगूतील ‘मंदु’ या तिन्ही शब्दांत औषध व बंदुकीची दारू हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि चिनी भाषेत तर या चूर्णाचे नावच ‘अग्नि-औषध’ असे आहे. शोरा, गंधक आणि कोळसा कुटून, गाळून, मोजून एकत्र करणे हे वैद्याच्या खलबत्त्यासारखेच काम. प्रमाण साधारणपणे शंभरात पंचाहत्तर भाग शोरा, पंधरा भाग कोळसा व दहा भाग गंधक असे असते. ‘बंदूक’ या शब्दाचा प्रवास याहून मौजेचा आहे. अरबी ‘बुंदुक’ म्हणजे मुळात हेझल नावाच्या झाडाचे कवचीचे फळ; त्यावरून गोफणीची किंवा गलोलीची गोळी आणि त्यावरून गोळी फेकणारे हत्यार. म्हणजे युरोपातील खार जे फळ फोडून खाते, त्याचेच नाव फिरत फिरत हत्याराला चिकटले. ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ हे शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आले.

‘चाप’ शब्दाविषयी अधिक सावधगिरी हवी. संस्कृत ‘चाप’ म्हणजे धनुष्य, तेव्हा धनुष्याचा शब्द बंदुकीला मिळाला, अशी व्युत्पत्ती सुचणे स्वाभाविक आहे आणि ती ऐकावयास सुंदरही वाटते. पण ‘चापून बसविणे’ यातील दाबण्याचा अर्थ, आणि हिंदीतील ‘चाँप’ हा बंदुकीच्या कळीचा शब्द, यांचा विचार करता दाबण्याच्या धातूकडेच कौल द्यावा लागतो. सुंदर व्युत्पत्ती बहुधा चुकीची असते. ‘कान’ हा शब्द त्या मानाने निर्विवाद. नळीच्या बुडाशी असलेले, आतील दारूपर्यंत आग पोहोचविणारे बारीक भोक म्हणजे कान. शत्रूच्या हाती पडणाऱ्या तोफांच्या कानांत खिळे मारल्याचे उल्लेख इतिहासाच्या वाचकाला परिचित आहेत. त्या कानावर घालावयाची बारीक दारू ती ‘रंजक’.

आग कशी द्यावयाची, यावर बंदुकीची जात ठरते. सर्वांत जुनी तोड्याची: जळत्या दोरीचे, म्हणजे तोड्याचे किंवा जामगीचे, टोक रंजकीला लागते. तिच्यानंतर गारेची, जिच्यात पोलादावर गार आपटून ठिणगी पडते. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या धर्मोपदेशकाने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले, आणि त्यातून पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक निघाली. गारेच्या बंदुकीच्या रंजकीचा भडका पाहून पाखरे बार होण्यापूर्वीच उडून जात, ही त्याची तक्रार होती. लष्करी जगात उलथापालथ करणारा शोध हौशी शिकाऱ्याच्या वैतागातून निघाला. मावळाच्या पावसात तर हा भेद निर्णायकच ठरतो. उघड्या रंजकीला दमट हवा पुरे, तोड्याला एक सर पुरे. टोपी कानावरच्या बोंडीवर घट्ट बसते, म्हणून पावसाळी मुलखात ठासणीची बंदूक निवडावयाची तर टोपीचीच निवडणे शहाणपणाचे.

सरंजामात दारूचे शिंग, माप, छऱ्यांची पिशवी, बोळ्यासाठी चिंध्या किंवा काथ्या, टोप्यांची डबी, कान साफ करण्याची सुई आणि गज एवढ्या वस्तू आल्या. यांतील दोनच वस्तूंविषयी विशेष सांगण्यासारखे आहे. माप वेगळे असावे. शिंगातून थेट नळीत दारू ओतू नये, कारण मागील बाराची ठिणगी आत राहिली असल्यास पेट शिंगापर्यंत चढतो आणि ते हातातच फुटते. आणि गजावर दोन खुणा असाव्यात, एक रिकाम्या नळीची व एक भरलेल्या नळीची. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही; खुंटीवर टांगलेल्या ‘रिकाम्या’ बंदुकीने घडणारे अपघात या एका खुणेअभावी घडतात. धूररहित आधुनिक दारू या नळीत घालणे म्हणजे नळी फोडून घेणेच. बार झाल्यावर उरणाऱ्या राखेतील क्षार ओलावा ओढून घेतात, म्हणून नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवून, कोरडी करून तेल लावावी लागते. आषाढ-श्रावणात एक रात्र उशीर झाला तरी गंज धरतो.

येथवर जे सांगितले ते तंत्र. कायद्याची भाषा त्याहून निराळी आहे, आणि अभ्यासकाची खरी अडचण तेथे सुरू होते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी वापरावयाच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ती अपुरी पडेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवाना देता येतो. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. टाकव्यापासून तो अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर. पण तेथून सव्वाशेहून अधिक वर्षे काडतुसे बाहेर पडत असताना शेतकऱ्याच्या परवान्यात ठासणीच राहिली, ती अशा तरतुदीमुळे. हळू भरणारी, एका वेळी एकच बार टाकणारी बंदूक राखणीला पुरते व इतर कशालाही फारशी उपयोगी पडत नाही, असा हिशेब त्यामागे असावा.

परंतु परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी रानातील जनावरांच्या शिकारीस बंदी घातली. शेकरू हा तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचे स्थान पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाणाऱ्या डुकरावरसुद्धा अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून बार टाकता येत नाही. ‘पीकसंरक्षण’ हा शब्द परवान्यावर वाचून ‘मारण्याची मुभा’ असा अर्थ घेणारा शेतकरी गुन्हेगार ठरू शकतो. एका समासाच्या अर्थावर माणसाचा तुरुंगवास अवलंबून असावा, अशी उदाहरणे अर्थविचाराच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतात.

बोलीसंग्रहासाठी आंदर मावळात जाणाऱ्या विद्यार्थ्याला याची जाणीव असली पाहिजे. शेकरू मारण्याविषयी विचारलेला प्रश्न निवेदकाला कबुलीजबाबाची मागणी वाटतो, विशेषतः कातकरी वा ठाकर वस्तीत, जेथे वनखात्याचा माणूस आणि वही घेऊन आलेला परका माणूस यांत फरक करण्याचे कारण कोणाला नसते. तेव्हा तो गप्प बसतो, किंवा ‘आम्हाला काही ठाऊक नाही’ म्हणतो, आणि संग्राहक ‘शब्द लुप्त’ अशी नोंद करून परततो. ती नोंद खोटी असते. शब्द लुप्त झालेला नसतो, भीतीने झाकलेला असतो. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीनंतर आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशानंतर या क्षेत्रातील बोलीशब्दांची पद्धतशीर वेचणी करावयाची, तर प्रश्नावलीची बांधणी बदलावयास हवी. जनावराविषयी न विचारता वस्तूविषयी, आणि वस्तूविषयीही कृतीच्या क्रमाने विचारावे: दारू कशात ठेवीत, बोळा कशाचा करीत, गजाच्या टोकाला काय म्हणत, बार न उडाल्यास काय म्हणत आणि तेव्हा किती वेळ थांबत. शेवटच्या प्रश्नाला म्हाताऱ्या माणसांकडून उत्तर हमखास मिळते, कारण उशिरा पेटणाऱ्या बाराची धास्ती परवान्याच्या धास्तीपेक्षा जुनी आहे.