रात्रपाळीची बॅच फाइल

तुळशीचं लग्न लागलं की कवठे महांकाळकडे लग्नसराईची चाहूल लागते. शूटिंगवाल्याकडे हळद, लग्न, वरात असं करत दोन कॅमेऱ्यांच्या ढीगभर क्लिप साठतात. सेकंदाला 100 मेगाबिटने फोर-के चित्रण केलं तर तासाला 45 जीबी जागा जाते. घरच्यांना मात्र सगळं मोबाइलवर हवं असतं. मग एकेक क्लिप उघडायची, एक्सपोर्टला लावायची, वाट पाहत बसायचं. या कामापायी माणसाने रात्र जागवू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी एफएफएमपेग हा प्रोग्राम आहे. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार्ड यांनी तो 2000 साली सुरू केला. तो मोफत मिळतो आणि लिहिलेल्या आज्ञेवर चालतो. अशा आज्ञा एकामागून एक चालवणारी बॅच फाइल त्याहून जुनी, 1981च्या डॉसपासूनची. नोटपॅडमध्ये चार ओळी लिहायच्या: फोल्डरमधली प्रत्येक क्लिप घे, एच.264मध्ये बदल, 'तयार' फोल्डरमध्ये ठेव. फोल्डरचं नाव असं मराठीत असेल तर फाइल यूटीएफ-8मध्ये साठवून वर 'सीएचसीपी 65001' ही ओळ घालावी, नाहीतर अक्षरांचा चुराडा होतो.

दर्जा सीआरएफच्या आकड्यावर ठरतो. एच.264 बनवणारा एक्स264 एन्कोडर तो मुळात 23 धरतो; सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. मंडपाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा शालूच्या जरीवर चौकोन दिसू लागले तर आकडा कमी करावा.

खरी कसोटी मध्यरात्री वीज गेली की लागते. क्लिप अर्धवट राहते, पण 'तयार'मध्ये तिचं नाव असल्यामुळे ती पूर्ण झाल्यासारखी वाटते. म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं आणि एफएफएमपेगने काम बिनचूक संपल्याचं कळवलं तरच खरं नाव द्यायचं. प्रत्येक क्लिप घेण्याआधी बॅचने ते खरं नाव शोधायचं. सापडलं तर पुढे जायचं. एवढी काळजी घेतली की वीज आल्यावर तीच बॅच पुन्हा चालवता येते आणि झालेलं काम दुसऱ्यांदा होत नाही. माझ्या मते या धंद्यात सगळ्यात मोलाची ओळ ही खरं नाव शोधणारीच.

मात्र सीआरएफचा आकडा चुकला तर तो सगळ्याच क्लिपांत चुकतो. आधी एकच क्लिप करून मोबाइलवर आणि टीव्हीवर नीट पाहा, मगच रात्रभर लावा. आणि मूळ फूटेज पुसणारी ओळ बॅचमध्ये कधीही घालू नका.