पन्नी नको, डबा आणलाय : बडनेऱ्यातल्या हॉटेलवाल्यांना आपण काय मदत करू शकतो?

संध्याकाळी बडनेरा स्टेशनच्या बाहेर जरा वेळ उभं राहून पाहा. मुंबई-हावडा मार्गावरचं आपलं जंक्शन, त्यामुळे गिऱ्हाईक तुटत नाही. एकीकडे चहा, भजी, आलूबोंडा, तर दुसरीकडे बिर्याणी आणि कबाब. खाणं दहा मिनिटांत संपतं, पण कागदी कप, पन्न्या, चांदीसारखे डबे आणि प्लास्टिकचे चमचे तिथंच राहतात. सकाळी ते नालीत दिसतात, नाहीतर महानगरपालिकेच्या गाडीतून सुकळीच्या कंपोस्ट डेपोकडे जातात.

याचा दोष आपण लगेच हॉटेलवाल्याला देतो. पण डबा न घेता रिकाम्या हातानं दुकानात जातं कोण? आपणच. म्हणून या लेखात आम्ही दुकानदाराला उपदेश करणार नाही. त्याचा खर्च कुठे वाचतो आणि त्यासाठी आपण काय करायचं, एवढंच सांगतो.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र सरकारनं २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्यांदा सापडलं तर ५ हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद आहे. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनं प्लास्टिकच्या प्लेटा, कप, ग्लास, चमचे, काटे, स्ट्रॉ आणि मिठाईच्या डब्यावरचं पातळ वेष्टण देशभर बंद केलं. छपाईच्या शाईत आरोग्याला घातक द्रव्यं असतात, म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात खाण्याचे पदार्थ बांधायलाही मनाई आहे.

मोठ्या हॉटेलला ५ हजारांचा दंड फारसा जाणवत नसेल. पण गाडीवर भजी तळणाऱ्या चाचांची दोन-चार दिवसांची कमाई त्यात जाते.

कागदी कप म्हणजे निव्वळ कागद, हाही गैरसमज आहे. कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा झिरपत नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटं राहिलं, तर प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. चहाच्या टपरीवर धुऊन वापरायचा काचेचा ग्लासच बरा.

गिऱ्हाईक दोन प्रकारचं

सगळ्यांना एकच उपाय लागू होत नाही. गाडीतला प्रवासी ग्लास परत द्यायला येणार नाही. २००४ मध्ये लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना स्टेशनांवर कुल्हड आणले गेले, पण ते सगळीकडे टिकले नाहीत. कुल्हड जवळपास घडवले जात नसले, तर ते महागही पडतात आणि वाटेत फुटतातही. प्रवाशासाठी आपल्या भागातली जुनी सोय म्हणजे पळसाच्या पानांचे द्रोण आणि पत्रावळी. आपल्या जिल्ह्यात पळस भरपूर आहे. गिला वडा किंवा भजी द्रोणात उत्तम बसतात.

मोहल्ल्यातलं गिऱ्हाईक मात्र रोजचं असतं. जुनी वस्ती असो की नवी वस्ती, हॉटेल चार गल्ल्या पलीकडे आणि मालक ओळखीचा. इथे द्रोणाचीही गरज नाही, घरचा डबा पुरतो. मुंबईचे डबेवाले सव्वाशेहून अधिक वर्षं हेच करत आले. डबा भरून जातो, रिकामा होऊन परत येतो.

आता दुकानदाराचा हिशेब. समजा, एका हॉटेलातून रोज ६० पार्सलं जातात आणि प्रत्येकाच्या डबा-पन्नी-चमच्यावर ४ रुपये खर्च होतात. रोजचे २४० झाले, महिन्यातल्या २६ दिवसांचे ६,२४०. निम्म्या लोकांनी घरून डबा आणला तरी ३ हजारांवर रुपये वाचतात. त्यातूनच डबा आणणाऱ्याला दोन रुपये कमी किंवा एक कबाब जास्त देता येईल. दुकानावर एक पाटी लावली तरी पुरे : ‘डबा आणा, सूट घ्या.’ डबा स्वच्छ आहे का, एवढं मात्र दुकानदारानं पाहून घ्यावं.

उरलेलं मोजल्याशिवाय कमी होत नाही

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतलं, तर २८ टक्के हॉटेलं आणि इतर खानपान सेवांतलं. म्हणजे आपलं स्वयंपाकघरही यातून सुटत नाही.

१२ देशांतल्या ११४ रेस्टॉरंटांचा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाया जाणारं अन्न कमी करण्यावर त्यांनी खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी सात डॉलर वाचले होते. यातलं पहिलं काम अगदी साधं : रोज काय उरलं ते मोजायचं.

आपल्या हॉटेलवाल्यांनीही एक वही ठेवावी. पंधरा दिवस रात्री दुकान बंद करताना भात किती उरला, रस्सा किती, नान किती, एवढंच लिहावं. कोणत्या वारी किती शिजवायचं, ते वहीच सांगेल. सोबत हाफ प्लेटही ठेवावी. एकट्या माणसापुढे फुल प्लेट ठेवली, तर उरलेलं बादलीतच जातं.

लग्न आणि वलीम्याची दावत

खरी नासाडी इथे होते, आणि ती आपल्या घरच्या दावतीत होते. हल्ली प्लास्टिकच्या रोलचा दस्तरखान अंथरतात. जेवण झालं की हाडं, भात आणि ग्लास त्यातच गुंडाळून फेकतात. वाटतं, काम सोपं झालं. पण ओला आणि सुका कचरा एकत्र झाला की त्याचं खतही होत नाही आणि प्लास्टिकही पुन्हा वापरता येत नाही. त्याऐवजी पुसता येणारा रेक्झिनचा दस्तरखान, बिछायत केंद्रातली स्टीलची ताटं आणि ग्लास घ्यावेत. भांडी धुणाऱ्याला मजुरी द्यावी लागेल, पण ते पैसे मोहल्ल्यातच राहतील.

दुसरी गोष्ट, बावर्चीला खरा आकडा सांगा. इज्जतीपायी दोन देगी जास्त चढवू नका. सगळ्या देगी एकदम उघडूही नका. दम दिलेली बंद देग नीट गरम राहिली, तर दुसऱ्यांना देता येते. ताटात उरलेलं कुणालाच देता येत नाही.

द्यायचं असेल तर लवकर द्या. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि पुन्हा गरम करूनही त्यांचं विष जात नाही. अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवायला हवं. दुपारची बिर्याणी मध्यरात्री गरिबाच्या दारात नेऊन देणं ही खैरात नव्हे.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती यांनी डिसेंबर २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली. घरोघरच्या लोकांनी ताज्या रोट्या आणि सालन आणून द्यायचं आणि गरजूनं मान खाली न घालता घेऊन जायचं. अशी सोय बडनेऱ्यातही होऊ शकते. एक जागा, एक फ्रिज आणि वेळ पाळणारे चार तरुण जमले, तर सुरुवात करता येईल.

सुरुवात कुठून?

इसराफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनमध्ये नापसंत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. लहान मुलांना आपण ताट पुसून खायला शिकवतो. दावतीत मात्र तोच धडा विसरतो.

येत्या जुम्म्याला बिर्याणी आणायला जाल तेव्हा घरून एक डबा घेऊन निघा आणि म्हणा, “चाचा, पन्नी नको, यातच भरा.” पहिल्या दिवशी चाचा हसतील. दहा घरांनी हेच केलं की पन्न्यांची पुढची ऑर्डर तेच कमी करतील.