गॅरेजची माती आणि आपले आरोग्य

पहिल्या पावसात गॅरेजसमोरच्या डबक्यावर रंगीत तवंग दिसतो. पोरे त्यात होड्या सोडतात. तो तवंग ऑइलचा असतो. वरचे ऑइल गटारात वाहून जाते, मुरलेले मात्र मातीत वर्षानुवर्षे राहते. कोपरसारख्या खाडीकाठच्या सखल भागात जमिनीतले पाणी फार खोल नसते. म्हणून ही माती विहीर-बोअरिंगच्या पाण्याचाही प्रश्न आहे.

मातीत काय मुरते?

जळक्या ऑइलमध्ये इंजिन झिजून निघालेले धातूंचे कण आणि कॅन्सरला कारण ठरणारी काही रसायने असतात. पेट्रोलमध्ये बेंझीन असते. त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. जुन्या बॅटरीत शिसे आणि आम्ल असते. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण शिसे कुजत नाही की विरत नाही. त्यामुळे जुन्या गॅरेजच्या जागेवर आज चाळ किंवा अंगणवाडी असली, तरी खालची माती तपासायला हवी.

शिशाचा सर्वात जास्त धोका लहान मुलांना आणि गरोदर बायांना. मूल मातीत खेळते, तोच हात तोंडात घालते. मग रक्त कमी होते, पोट दुखते, अभ्यासात मूल मागे पडते. पुष्कळदा वरून काहीच दिसत नाही. शंका असेल तर डॉक्टरांना रक्तातील शिशाच्या तपासणीबद्दल विचारावे.

तपासणी कशी होते?

आधी जागेचा इतिहास काढतात: इथे पूर्वी काय होते, ऑइल कुठे ओतत, गाड्या धुतलेले पाणी कुठे जाई, जमिनीखाली टाकी होती का. हे कागदावर सापडत नाही. वस्तीतल्या जुन्या माणसांना ठाऊक असते. मग वरच्या आणि खोलवरच्या मातीचे नमुने घेतात. तुलनेसाठी जवळच्या स्वच्छ जागेचाही नमुना घेतात. माती खराब निघाली तर विहीर-बोअरिंगचे पाणी तपासतात. हे काम प्रयोगशाळेचे. आपण माती उकरू नये, हुंगू नये.

प्रदूषित जागांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये वेगळे नियम केले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने द्यायची, तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायची आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा, असे त्यात आहे.

आपण काय करावे?

• महिला मंडळाने किंवा विहाराच्या समितीने जागेचे फोटो, तारखा आणि जुन्या रहिवाशांची माहिती एका वहीत लिहावी.

• कल्याण-डोंबिवली महापालिकेचे प्रभाग कार्यालय, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कल्याण कार्यालय आणि जिल्हाधिकारी, ठाणे यांना लेखी अर्ज द्यावा. पोच घ्यावी. उत्तर नाही आले तर माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही माफ आहे.

• पाण्याला ऑइलचा वास आला तर ते पिऊ नये. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही.

• डासांसाठी गटारात किंवा वाळवीसाठी दाराला जळके ऑइल टाकू नये. तेही आपल्याच मातीत उतरते.

• गॅरेजला लागून असलेल्या जमिनीत पालेभाजी लावू नये.

गॅरेज बंद पाडणे हा आपला हेतू नाही. आपलीच पोरे तिथे पाना धरून घर चालवतात, आणि सर्वात आधी विष त्यांच्याच अंगात जाते. त्यांनी पेट्रोलने हात धुऊ नयेत, साबण वापरावा. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. मालकाने खाली सिमेंटचा कोबा करावा, सांडलेले ऑइल लाकडाच्या भुशाने टिपावे, जळके ऑइल बंद पिंपात साठवून परवानाधारकालाच द्यावे. एवढे केले तर रोजगारही राहतो आणि जमीनही.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्यावरचा आपला हक्क बजावला. ते पाणी निर्मळ असावे, हाही आपलाच हक्क आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर हा विषय विहारात घ्या आणि पहिला अर्ज तिथेच लिहा.