वाडीतले रान काढायचे किती?

पावसाळा सुरू झाला की ठाकुर्ली-डोंबिवलीच्या भाजीबाजारात टाकळा, कुर्डू, भारंगीच्या जुड्या येतात आणि आपण त्या हौसेने घेतो. तोच टाकळा गावच्या नारळ-सुपारीच्या वाडीत उगवला की त्याला तण म्हणतो. इथल्या अनेक घरांची वाडी आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे. जाणे होते ते गणपतीत आणि मे महिन्यात. गडी मिळत नाहीत, मग फोनवरूनच निरोप जातो, ‘औषध मारून टाका!’

हे ‘औषध’ बहुधा ग्लायफोसेट असते. आपल्याकडे त्याची शिफारस चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागांसाठी आहे, नारळाच्या वाडीसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. अमेरिकेच्या नियामकांना हे मान्य नाही. केंद्र सरकारने मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची फवारणी प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित करणारा आदेश काढला.

वाद बाजूला ठेवला तरी मातीचा प्रश्न उरतोच. कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. उतारावरची जमीन ऐन पावसात उघडी पडली, तर वरची सुपीक माती वाहून जाते. तिला धरून ठेवतात ती याच गवताची मुळे. म्हणून पावसाळ्यात दोन ओळींमधले गवत विळ्याने किंवा ग्रासकटरने फक्त छाटावे, उपटू नये. साफ ठेवायचे ते झाडाभोवतीचे सहा फुटांचे आळे. नारळाची अन्न घेणारी बहुतेक मुळे तिथेच असतात. पायवाटा आणि घराभोवतीची जागाही मोकळी हवी, साप-विंचवाचे भय खोटे नाही.

खरी स्पर्धा पाऊस थांबल्यावर, पाण्यासाठी सुरू होते. तेव्हा, बी धरण्याआधी, गवत कापून आळ्यात पसरावे. बुंध्यापासून वीतभर जागा सोडावी. मिरीच्या वेलाजवळ कुदळ नकोच, कारण दुखावलेल्या मुळांतून मर रोगाची बुरशी शिरते.

रानमोडीला मात्र दया नको. अमेरिका खंडातून आलेले हे झुडूप थंडीत फुलते, बी वाऱ्यावर उडते आणि वाळलेल्या काड्या उन्हाळ्यात वणव्याला निमंत्रण देतात. फुलण्याआधी ते मुळासकट काढावे.

कायमचा उपाय सावलीचा. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राच्या ‘लाखी बागे’त नारळांमध्ये जायफळ, दालचिनी आणि खोडावर मिरी असते. झाडे मोठी होऊन सावली दाटली की उन्हाळू तणे आपोआप विरळ होतात.

आणि घरात पॅराक्वाट असेल, तर ते कधीही शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. त्यावर उतारा नाही आणि थोडे पोटात गेले तरी फुप्फुसे निकामी होऊ शकतात. तसे झाल्यास लक्षणांची वाट न पाहता, डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठा. फवारलेल्या वाडीतला टाकळाही त्या वर्षी भाजीला खुडू नका.