राणीछाप, चारमिनारी रुपया विकत घेताय? आधी काट्यावर ठेवा

जिंतूर : मागच्या महिन्यात भावकीतला एक पोरगा मोबाईल घेऊन घरी आला. नाणी जमवायचा त्याला भारी नाद. म्हणाला, "काका, १९३९ चा चांदीचा रुपया भेटतोय. माणूस बारा हजार मागतोय. म्हणतोय, याची खरी किंमत लई जास्त हाय. घेऊ का?" नाण्यासोबत ग्रेडिंगचं सर्टिफिकेट नाही, सीलबंद डबी नाही. नुसतं सुटं नाणं.

विकणारा साल तरी बरोबर सांगत होता. जॉर्ज सहाव्याच्या रुपयांत १९३९ चा खरोखर दुर्मीळ आहे. पण म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर फिरतात.

असं सुटं नाणं समोर आलं की पहिला हिशेब चांदीचा करायचा. आपल्याकडची जुनी माणसं दोन रुपये सांगतात, हाली आणि कलदार. हाली म्हणजे निजामाचा, कलदार म्हणजे इंग्रजांचा. सात हाली दिले की सहा कलदार यायचे. कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात शंभराला जवळपास ९२ भाग चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच. १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी नाहीच, तो चुंबकाला चिकटतो. चारमिनारी हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात सुमारे ८२ टक्के चांदी.

समजा चांदी किलोला एक लाख रुपये आहे. मग राणीछाप रुपयात १,०६९ रुपयांची चांदी, चारमिनारी रुपयात साधारण ९१४ रुपयांची, आणि १९४० नंतरच्या रुपयात फक्त ५८३ रुपयांची. त्या दिवसाचा भाव धरून हाच हिशेब मोबाईलवर होतो. त्याच्या वर जे पैसे मागतात, ते विकणाऱ्याच्या बोलण्याचे. ते बोलणं खरं निघतं का, एवढंच तपासायचं राहतं.

आम्ही त्या माणसाला नाणं घेऊन सराफाच्या दुकानात बोलावलं. वजन भरलं ११.४ ग्रॅम. पोरगा खूश झाला, कारण झिजलेल्या नाण्याचं वजन एवढं कमी भरू शकतं. मग पाण्याची परीक्षा केली. ही घरीही जमते, फक्त काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा पाहिजे. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण बुडाला किंवा काठाला टेकू द्यायचं नाही. आता जो आकडा दिसेल, त्यानं नाण्याच्या वजनाला भागायचं. अस्सल कलदार १०.३ च्या आसपास येतो, हाली १०.२ च्या आसपास. आमचा आकडा आला १.३०. भागाकार ८.८. चांदी नव्हतीच ती! माणूस म्हणाला, मलाही कुणीतरी असंच दिलं. असेलही.

पण या परीक्षेवरही सगळा भरवसा नको. खऱ्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून साल बदललेलं असलं तर पाणी काहीच सांगत नाही. साल भिंगातून बघा, बाकीच्या आकड्यांशी जाडी आणि वळण जुळतं का ते पाहा.

आणखी एक गैरसमज म्हणजे जुनं तितकं महाग. तसं नसतं. १८६२ साल असलेले राणीचे रुपये मुबलक आहेत, कारण पुढे १८७४ पर्यंत तेच साल छापत राहिले. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया कमी मिळतो. त्यातल्या राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि बहुतेक नाणी परत वितळवली. चारमिनारी रुपयावर इंग्रजी साल नसतं, हिजरी असतं. कमानीत 'ऐन' अक्षर असलं तर तो उस्मान अलीच्या काळातला, 'मीम' असलं तर त्याच्या बापाच्या, महबूब अलीच्या.

आपल्या भागात जुने रुपये दोन जागी हमखास सापडतात, दिवाळीच्या पूजेच्या डब्यात आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांच्या दागिन्यांत. दोन्हीत एक अडचण असते. पूजेचं नाणं दरवर्षी चिंचेनं, पावडरीनं घासलेलं असतं. दागिन्यातल्या नाण्याला कडी डाकलेली असते, नाहीतर भोक असतं. चांदी म्हणून त्याला पूर्ण मोल, पण संग्राहक त्याला फार वर देत नाही. घरात असलेलं काळं पडलेलं नाणं म्हणून घासू नका, तसंच राहू द्या.

ग्रेडिंग करणाऱ्या एनजीसी, पीसीजीएस अशा परदेशी कंपन्या आहेत. नाण्याची अवस्था ७० पैकी किती, ते ठरवून सीलबंद डबीत देतात. डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो, आणि बघावाच, कारण डब्याही बनावट निघतात. साध्या राणीछापाला मात्र ग्रेडिंग करून घेणं बहुतेक वेळा परवडत नाही. तो सुटाच घ्यावा, चांदीच्या भावावर थोडं देऊन. महागाचं दुर्मीळ साल असेल तर ग्रेड केलेलंच घ्यावं, नाहीतर सोडून द्यावं.

ईस्ट इंडिया कंपनी असं लिहिलेलं, राम-सीता किंवा हनुमानाचं नाणं कुणी दाखवलं, तांदूळ ओढतं म्हणालं, तर चहा पाजून वाटेला लावा. कंपनीनं असलं नाणं चलनात कधी काढलंच नाही. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुन्या नाण्यांसाठी कमिशन, टॅक्स मागणारे फोनही येतात. आपण असा व्यवहार करत नाही, हे बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

नांगरताना किंवा वाड्याची भिंत पाडताना निघालेली नाणी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं.

पोरग्यानं बारा हजार वाचवले. परवा त्यानं 'ऐन'वाला एक चारमिनारी रुपया घेतला, थोडा झिजलेला, चांदीच्या भावापेक्षा दोनशे जास्त देऊन. पाण्यात बुडवून बघितला, १०.२ आला.