हबशी, दख्खनमधील

हबशी : ईशान्य आफ्रिकेतून, विशेषतः अबिसिनियातून (सध्याचा इथिओपिया), मध्ययुगात भारतात आलेले लोक व त्यांचे वंशज. अबिसिनियाचे अरबी नाव ‘हबश’. त्यावरून ‘हबशी’ हा शब्द फार्सीमार्गे मराठीत आला. कोकण किनाऱ्यावर या लोकांसाठी ‘सिद्दी’ ही संज्ञा रूढ झाली. ती ‘सय्यिदी’ (माझे स्वामी) या अरबी संबोधनावरून आली असे मानतात. सिद्दींच्या ताब्यातील जंजिऱ्याभोवतालच्या मुलखाला मराठीत ‘हबसाण’ म्हणत. निजामशाहीच्या अखेरच्या पर्वात आणि जंजिरा संस्थानात या लोकांनी प्रत्यक्ष राज्यकारभार केला. त्यामुळे महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांना स्वतंत्र स्थान आहे.

मूळ भूमी : अबिसिनियाचा मोठा भाग उंच पठारी असून खचदरीने तो दुभागला आहे. पठारावरील ताना सरोवरातून निळी नाईल उगम पावते आणि सूदानमध्ये श्वेत नाईलला मिळून ईजिप्तकडे जाते. पठारावर थंड हवामान, सुपीक माती व पुरेसा पाऊस, तर पूर्वेस तांबड्या समुद्राकडे उष्ण व रुक्ष सखल प्रदेश, असे येथील पर्यावरण आहे. पठारावर ख्रिस्ती राजसत्ता चौथ्या शतकापासून होती. पूर्वेकडील सखल भागात मुस्लिम सुलतानी उदयास आल्या. या दोन सत्तांत १५२९ ते १५४३ या काळात झालेल्या प्रदीर्घ युद्धाने सारा देश होरपळला. त्यानंतर ओरोमो जमातीच्या स्थलांतराने संघर्षात भर पडली. युद्धात पकडलेली माणसे, त्यांत बहुसंख्य मुले व तरुण, मसावा, झैला इ. बंदरांतून अरबस्तानात विकली जात. दख्खनला पोहोचलेल्या हबशींचा पुरवठा मुख्यतः याच व्यापारातून झाला.

दख्खनमधील आगमन : बहमनी राज्यात पंधराव्या शतकात हबशी सैनिक व अधिकारी मोठ्या संख्येने होते. दरबारात स्थानिक ‘दखनी’ आणि इराण, मध्य आशिया येथून आलेले ‘परदेशी’ असे दोन गट असून त्यांच्यात तीव्र स्पर्धा होती. हबशी बहुधा दखनी गटाच्या बाजूने उभे राहत. त्यांना विकत घेण्यामागे राज्यकर्त्यांचा निश्चित हेतू होता. परमुलखातून आलेल्या, आप्तांपासून तुटलेल्या माणसाची निष्ठा धन्यावाचून इतरत्र जाणार नाही, अशी त्यांची अपेक्षा असे. अशा गुलामांना शस्त्रविद्या व कारभाराचे शिक्षण मिळे आणि धन्याच्या मृत्यूनंतर किंवा त्याच्या मर्जीने अनेकांना मुक्तता मिळे. मुक्त झालेला हबशी स्थानिक स्त्रीशी विवाह करून दख्खनचाच होऊन जाई. या पद्धतीमुळे काहींना उच्चपद लाभले, तरी तिचा पाया माणसांच्या खरेदी-विक्रीवर होता. इतिहासात ज्यांची नावे राहिली, त्यांच्यामागे नावे न राहिलेले असंख्य लोक होते.

मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) : दख्खनमधील सर्वांत कर्तबगार हबशी. त्याचे मूळ नाव चापू. बालपणी गुलाम झालेला हा मुलगा मोखाच्या बाजारात वीस डुकाट सुवर्णनाण्यांना विकला गेला. पुढे बगदादमधील एका धन्याने त्याला शिकविले व अंबर हे नाव दिले. दख्खनमध्ये त्याला अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतले. चंगीझखान हा स्वतःही पूर्वीचा हबशी गुलामच होता. धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त झालेल्या अंबरने हळूहळू स्वतःचे घोडदळ उभारले. मोगलांनी १६०० मध्ये अहमदनगर घेतल्यावर त्याने राजघराण्यातील मुर्तझा यास परांडा येथे गादीवर बसविले, त्याला आपली मुलगी दिली आणि वजीर म्हणून राज्याची सूत्रे हाती घेतली. राजधानी पुढे जुन्नरला व नंतर दौलताबादला हलविण्यात आली.

मोगल फौजा बुऱ्हाणपूरहून खानदेशमार्गे दक्षिणेकडे येत. खानदेशाचे मैदान व मराठवाड्याचे पठार यांच्यामध्ये सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आहेत. त्यातील अरुंद घाट, दऱ्या व जंगले मोठ्या फौजेला अडचणीची आणि हलक्या घोडदळाला सोयीची होती. कन्नड तालुक्यातील अंतूरचा किल्ला याच डोंगररांगेत असून त्यावर निजामशाही काळातील फार्सी शिलालेख आहेत. अंबरने मराठा शिलेदारांना हाताशी धरून शत्रूची रसद तोडणे, त्याला प्रतिकूल मुलखात ओढून नेणे आणि अवचित छापे घालणे या पद्धतीने लढा दिला. १६१६ मध्ये मोगलांनी त्याचा पराभव करून खडकीचा विध्वंस केला आणि १६२१ मध्ये त्यांनी ती पुन्हा लुटली; पण त्याची सत्ता संपली नाही. १६२४ मध्ये अहमदनगरजवळील भातवडीच्या लढाईत त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. या लढाईत शहाजी भोसले त्याच्या बाजूने लढले व शहाजींचे बंधू शरीफजी मारले गेले. १६२६ मध्ये अंबर मृत्यू पावला. खुल्दाबाद येथे त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फतेखान याच्या काळात १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले आणि १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट झाला. मोगल बादशहा जहांगीर याने आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख अपशब्दांनीच केला आहे. परंतु मोगल दरबारच्या बखरकारांनीही त्याचे युद्धकौशल्य व शासन मान्य केले आहे.

महसूलव्यवस्था : सततच्या युद्धांनी उजाड झालेल्या मुलखात शेती पुन्हा उभी करणे ही अंबरच्या राज्याची पहिली गरज होती. महसूल वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्याने मोडली. मक्तेदार शक्य तेवढे उत्पन्न काढून घेई व रयत गाव सोडून जाई, हा तिचा दोष होता. अंबरने जमिनींची प्रतवारी केली आणि अनेक वर्षांच्या पिकांची सरासरी पाहून सारा ठरविला. प्रथम पिकाचा सुमारे दोन पंचमांश भाग धान्यरूपाने घेतला जाई. पुढे त्याऐवजी सुमारे एक तृतीयांशाइतकी रोख रक्कम घेतली जाऊ लागली. पाटील-कुलकर्ण्यांची वतने कायम ठेवून वसुलीची जबाबदारी गावाकडेच राहू दिली. ‘मलिक अंबरी’ या नावाने ही पद्धत दीर्घकाळ स्मरणात राहिली आणि पुढील मराठी कारभारालाही ती आधारभूत ठरली.

खडकी व नहरी : अंबरने १६१० मध्ये खाम नदीकाठच्या खडकी गावी नवे नगर वसविले. फतेखानाने त्याला फतेनगर असे नाव दिले. १६५३ मध्ये औरंगजेबाच्या काळात ते औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून त्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. १६१२ मधील भडकल दरवाजा आणि जामा मशिदीचा मूळ भाग या अंबरच्या काळातील वास्तू होत. मात्र नगराचा खरा आधार पाणीपुरवठा हा होता. पर्जन्यछायेच्या या प्रदेशातील लहान नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात. म्हणून उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी झिरपणारे भूजल गोळा करून जमिनीखालील दगडी-विटांच्या नळांतून केवळ उताराच्या बळावर ते नगरात आणले गेले. तपासणी व सफाईसाठी ठिकठिकाणी झरोके आणि नळातील हवा व दाब यांच्या नियमनासाठी मनोरे (बंबे) बांधण्यात आले. हीच ‘नहर-ए-अंबरी’. पुढील काळात आणखी नहरी काढण्यात आल्या. पाणचक्कीला पाणी पुरविणारी नहर त्यांपैकी एक होय. आज शहराची भिस्त मुख्यतः दूरवरून उपसून आणलेल्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर आहे. नहरींच्या पुनर्भरण-क्षेत्रावर वस्ती वाढल्याने व देखभाल थांबल्याने त्यांची बरीच हानी झाली आहे. उपशाला इंधन न लागणारी ही व्यवस्था दुष्काळी मुलखाला आजही मार्गदर्शक ठरावी.

जंजिरा : मुरूडजवळील समुद्रवेष्टित जंजिरा (अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट) सतराव्या शतकात निजामशाहीच्या सिद्दी अधिकाऱ्यांकडे होता. निजामशाहीनंतर त्यांनी आदिलशाहीचे आणि १६७० च्या सुमारास मोगलांचे आरमारी नेतृत्व पत्करले. सुरतेचा व्यापार व हाजच्या यात्रेकरूंची जहाजे यांच्या रक्षणाबद्दल त्यांना मोगलांकडून द्रव्य मिळे. भोवतालच्या मुलखात भात, नारळ, सुपारी व मासेमारी ही उत्पन्नाची साधने होती. चोहोबाजूंनी खारे पाणी असलेल्या या किल्ल्यातील गोड्या पाण्याच्या तळ्यांमुळे तो दीर्घ वेढा सोसू शके. शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये मोठी मोहीम काढली, तरी जंजिरा जिंकला गेला नाही. सिद्दींच्या जाचामुळे कोकणातील काही घराणी देशावर आली. श्रीवर्धनचे देशमुख बाळाजी विश्वनाथ भट हे त्यांपैकी एक. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला व सिद्दींचे आक्रमक बळ ओसरले. १७९१ च्या करारानंतर या घराण्याच्या एका शाखेला सुरतेजवळ सचीन संस्थान मिळाले. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होऊन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यात समाविष्ट झाले.

सद्यःस्थिती : पठारावरील हबशी मोठ्या प्रमाणात स्थानिक मुस्लिम समाजात मिसळून गेले. किनाऱ्यावर मुरूड व मुंबई येथे काही सिद्दी कुटुंबे आहेत. गुजरातमध्ये व कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात मात्र त्यांच्या मोठ्या वसाहती असून दोन्ही राज्यांत त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झालेला आहे. उत्तर कन्नडमधील सिद्दींत मुस्लिम, हिंदू व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक असून त्यांच्या बोलीत कोकणीचे प्राबल्य आहे. गुजरातेतील सिद्दी बाबा गोर या पिराला मानतात आणि त्यांच्या धमाल नृत्यातील तालवाद्यांत आफ्रिकी परंपरेच्या खुणा दिसतात. तेथे ही खूण ताल व नृत्यातून टिकली आहे. दख्खनच्या पठारावर ती कबरी, दरवाजे, शिलालेख व जमिनीखालील नहरी यांतून शोधावी लागते.