मुक्या फिती

शंभर वर्षांपूर्वींचा कागद उघडला तरी तो डोळ्यांनीं वाचतां येतो. चुंबकीय फितीचें तसें नाहीं. तिच्यावरील पातळ थरांतल्या कणांच्या चुंबकत्वांत मजकूर सांठविलेला असतो, आणि तो वाचावयास त्याच जातीचें यंत्र लागतें. यंत्र गेलें कीं फीत धडधाकट असूनहि मुकी होते.

अमेरिकेच्या नासा या संस्थेनें १९६६ व १९६७ सालीं चंद्राभोवतीं ५ यानें पाठविलीं. माणूस उतरविण्याजोगी जागा हेरणें हा हेतु होता. छायाचित्राची फिल्म यानांतच धुतली जाई व चित्र पट्ट्यापट्ट्यांनीं पृथ्वीकडे धाडलें जाई. जणूं छायाचित्रकाराची अंधारी खोलीच चंद्राभोवतीं फिरत होती! येथें तीं चित्रें २ इंच रुंद फितींवर नोंदविलीं गेलीं. काम सरलें, आणि सुमारें १,५०० फिती कोठारांत पडल्या.

पुढें त्या वाचणारीं अँपेक्स कंपनीचीं यंत्रें निघेनाशीं झालीं. नॅन्सी इव्हान्स या नासाच्या बाईंनीं फिती टाकून देऊं दिल्या नाहींत. इतकेंच नव्हे, तर कपाटाएवढीं ४ यंत्रें मिळवून आपल्या घराच्या गॅरेजमध्यें वर्षानुवर्षें ठेवलीं. मला या साऱ्या हकिकतींत हें गॅरेजच मोठें वाटतें. डेनिस विंगो व कीथ काउइंग यांनीं तीं यंत्रें कॅलिफोर्नियांत नासाच्या एम्स केंद्रावर, एका बंद पडलेल्या मॅक्डोनल्ड्सच्या उपाहारगृहांत नेलीं. एकाचे भाग दुसऱ्यास लावून, निवृत्त कारागिरांस विचारून एक यंत्र चालतें केलें, आणि नोव्हेंबर २००८ मध्यें पहिलें चित्र संगणकांत उतरलें. चंद्राच्या क्षितिजावर पृथ्वी. टिपलें होतें २३ ऑगस्ट १९६६ रोजीं. त्या काळच्या छापील प्रतींत हरवलेले बारकावे त्यांत दिसले.

उलट, १९६९ सालच्या पहिल्या चांद्रपदार्पणाच्या मूळ फिती पुसून पुन्हां वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासानें २००९ सालीं काढला. आतां त्या दृश्याच्या अंधुक रूपांतरावरच समाधान मानणें आलें.

आपल्या कपाटांतील लग्नाच्या कॅसेटीहि याच वाटेवर आहेत. जपानच्या फुनाई कंपनीनें व्हीसीआर बनविणें जुलै २०१६ मध्यें थांबविलें. फीत नव्या साधनावर उतरविण्यास घाईहि चालत नाहीं. तासाची फीत सामान्यतः तासभरच वाजवावी लागते. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत तिच्यावर बुरशी धरते. अशी फीत घरच्या यंत्रांत घालूं नये, कारण बुरशी यंत्राच्या वाचकभागास चिकटते व तेथून पुढच्या फितीस लागते. ती जाणकाराकडून आधीं साफ करून घ्यावी.